सेलाक्काची सवत

"त्यांचं ते पिवळं जाकीट तेवढं द्या," केंद्रातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

सेलाक्का दोरीवरचे कपडे काढत होती. मागं न बघताच तिनं विचारलं, "आणि आतला माणूस? तो नको?"

मी मागच्या मोरीपाशी तुरीची डाळ धूत होते. माझे हात पाण्यातच राहिले. घरातला कर्ता माणूस अर्धांगानं पडलेला, त्याला दवाखान्यातून घरी आणून चार दिवस होतात न होतात, आणि या बाई त्याचं जाकीट मागायला आल्या होत्या. तेही एका पक्ष्यासाठी.

हे सगळं फिलिपिन्समधलं. तिथं दावाओ नावाच्या शहरात आपल्याकडची पोरं डॉक्टरकी शिकायला जातात. त्यांना भाकरी-आमटीवाचून चैन पडत नाही, म्हणून माझे धाकटे दीर हणमंतभाऊजी यांनी तिथं खानावळ काढली होती. मी सातारच्या बाजूची. नवऱ्याचं सगळं आयुष्य फौजेत गेलं. रिटायर होऊन ते घरी आले तेव्हा आमची पोरगी नांदायला गेलेली, आणि घरात आम्ही दोघंच. एकमेकांशी काय बोलावं ते दोघांनाही सुचेना. तेवढ्यात भाऊजी म्हणाले, "वहिनी, चला की माझ्यासंगं. तुमच्या हातची चव तितल्या पोरास्नी लागू द्या." मी गेले. पहिलं वर्ष नवलाईत गेलं. त्यानंतर नुसत्या टाचा दुखायच्या.

खानावळ होती सेलाक्काच्या घराच्या खालच्या मजल्यावर. वर ती आणि तिचा नवरा इसिदोरो. तिकडे थोरल्या बाईला 'नांग' म्हणतात. मला ते जमेना, म्हणून मी तिला सेलाक्का म्हणायला लागले आणि तिच्या नवऱ्याला दोरोदादा. तिलाही ते आवडलं. थोडं इंग्रजी, थोडी तिची भाषा आणि उरलेले हातवारे, असं आमचं बोलणं चालायचं. इथं मी ते माझ्या भाषेत सांगते आहे.

दोरोदादा गरुड सांभाळायचा. शहराबाहेर डोंगराच्या पायथ्याला एक केंद्र आहे, तिथं. गरुड हा त्यांच्या देशाचा पक्षी. आपला मोर शिवारात कुठंही दिसतो, यांचा गरुड मात्र जंगलात हुडकून सापडत नाही, इतके थोडे उरलेत. शाळांच्या भिंतींवर त्याची चित्रं, भाषणांत त्याचं नाव. उभा राहिला तर माझ्या कमरेला लागेल एवढा थोराड, डोळे निळसर, डोक्यावर विस्कटलेली पिसं. झोपेतून उठलेल्या मास्तरांसारखा दिसतो.

दोरोदादाकडे जी मादी होती तिचं नाव ताला. ताला म्हणजे चांदणी. तिला अंड्यातून बाहेर आल्यापासून माणसांनीच वाढवलं होतं, त्यामुळे ती स्वतःला आपल्यातलीच समजायची. नर गरुड जवळ आला की त्याच्या अंगावर धावून जायची. तिनं जोडीदार म्हणून मनात धरला होता तो दोरोदादाला. विणीचा हंगाम आला की तो पालेदार डहाळ्या घेऊन तिच्याकडं जायचा, तिची मनधरणी करायचा, आणि ती मान खाली घालून कबूल झाली की पुढचं काम सिरिंजनं व्हायचं. आमच्याकडं म्हैस गाभण करायला डॉक्टर येतो, तसंच. फक्त म्हैस कुणाच्या प्रेमात पडत नाही.

हे मला सांगताना सेलाक्का पहिल्यांदा हसली होती. मग म्हणाली, "तुझ्या देशात बायकोच्या वर दुसरी बायको आणली तर तिला काय म्हणतात?"

"सवत."

"सवत," तिनं दोनतीनदा म्हणून बघितलं. "हां. तीच ती."

हंगामात दोरोदादा सगळा आठवडा तिकडंच राहायचा. रविवारी यायचा, आंघोळ करायचा, जेवायचा, झोपायचा. पोरं लहान असताना, आजारी असताना, थोरलीच्या लग्नात, हेच. "काही बोलायला जावं तर म्हणायचा, देशाचं काम आहे," सेलाक्का सांगायची. "देश म्हटला की आपण तोंड कुठं उघडणार?"

मला हे वेगळं सांगायला नको होतं. आमच्या घरीही देशच होता. मी सासूचं दुखणं काढलं, बोअर मारून घेतली, पोरीला पदवीधर केली, आणि गावात सत्कार झाला तो यांचा. मी खालच्या सतरंजीवर बसून टाळ्या वाजवल्या. राग असा नव्हता. नुसता शीण होता, आणि तो कुणापुढं सांगायचा हेच ठाऊक नव्हतं.

तर सेलाक्कानं जाकीट काढून दिलं. डॉक्टरीणबाई बिचाऱ्या मान खाली घालून गेल्या. त्यांचं म्हणणं असं, की दुसरा माणूस दोरोदादाचं जाकीट-टोपी घालून गेला तर ताला फसेल. हंगाम ऐन भरात होता. ती वर्षाआड एकच अंडं घालते, तेही मन लागलं तर, आणि आता तिचं वयही उतरणीला लागलेलं. हे वर्ष हुकलं तर पुढचं धरता येत नव्हतं.

दोरोदादाची उजवी बाजू गेली होती. तोंड वाकडं झालेलं, वाचा बंद. वरच्या खोलीत, त्याच्यासाठी आणलेल्या लोखंडी कॉटवर तो खिडकीकडं तोंड करून पडलेला असायचा. मी रोज भाताची पेज करून वर न्यायचे. पेज भरवताना बघायचे, तो एकसारखा ओठांचा चंबू करायचा आणि फुंकायचा. फू, फू, फूऽऽ. दोन छोट्या, एक लांब. नुसती हवा यायची आणि वाकड्या कोपऱ्यातून लाळ गळायची. मग डाव्या हाताच्या बोटांनी कॉटची दांडी वाजवायचा. टण टण.

"पाणी हवंय त्याला," सेलाक्का म्हणायची आणि वाटी तोंडाला लावायची. तो मान फिरवायचा. पाणी उशीवर सांडायचं. ती उशीचा अभ्रा बदलायची, तोवर पुन्हा फू, फू, फूऽऽ.

"पाणी नको असेल, सेलाक्का."

"मग हे फुंकणं कसलं? तिलाच बोलावतोय." ती ओला अभ्रा पिळत होती. "तोंड वाकडं झालं, बायकोचं नाव घेता येत नाही, पण तिला शीळ घालायची तेवढी आठवण आहे."

पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाई आल्या त्या तेच जाकीट परत घेऊन. जाकीट फाटलं होतं. ते घालून आत गेलेल्या माणसाच्या खांद्याला टाके पडले होते.

"तालानं त्याला ओळखलं," बाई म्हणाल्या. "जाकिटानं नाही भागत. इसिदोरो आत गेला की काहीतरी करायचा. शीळ घालायचा एवढं माहीत आहे. पण कशी, ते आमच्यात कुणालाच ठाऊक नाही."

"इतकी वर्षं एकत्र काम करून?" मी विचारलं.

बाई ओशाळल्या. "तो आम्हाला थांबूच द्यायचा नाही. कुणी बघत असलं की लाजायचा. आम्हीही म्हटलं, त्याची पद्धत, त्याला करू द्या. शिकून घ्यायला हवं होतं. आम्ही त्याला कधी काही होईल असं धरलंच नव्हतं."

मग त्यांनी खरी गोष्ट काढली. दोरोदादाला एकदा पिंजऱ्यापाशी न्यायचं. खुर्चीत बसवून, जीपमधून. तो काय करतो ते बघायचं, निदान त्याला बघून ती शांत तरी होईल.

"नाही," सेलाक्का म्हणाली.

"नांग सेला, हा गरुड म्हणजे आपल्या देशाची..."

"देशाची आहे ना? मग देशाला पाठवा पिंजऱ्यात. माझ्याकडं आता अर्धाच नवरा उरलाय. तो मी देणार नाही."

बाई उठून गेल्या. सेलाक्कानं जाकीट उचललं आणि फाटलेली बाही सुईदोऱ्यानं शिवत बसली.

दुपारी भाजी चिरताना मी भाऊजींना सगळं सांगितलं.

"वहिनी, तुमी त्या भानगडीत पडू नगा," भाऊजी म्हणाले. "त्यांचं गरुड, त्यांचा देश. आपली पोरं सांच्याला ताटं घिऊन हुबी ऱ्हात्यात, त्यास्नी काय गरुड वाडायचा का?"

"भाऊजी, मी भानगडीत पडत नाही. ती बाई एकटी पडलीय."

"एकटं कोन न्हाई हितं? दादा तिकडं गावाला एकटाच हाय की. फोन तरी करता का त्याला?"

मी कांदा चिरत राहिले. फोन करायचे मी. पाऊस किती, म्हैस किती देते, गुडघा कसा आहे, एवढं विचारून झालं की दोन्हीकडं गप्प. मग ते म्हणायचे, ठेवू का? आणि मी म्हणायचे, ठेवा.

वर मात्र फुंकणं थांबेना. दिवस उजाडला की सुरू, मावळेपर्यंत. फू, फू, फूऽऽ. टण टण. सेलाक्काचे डोळे खोल गेले. ती पाणी न्यायची, तो मान फिरवायचा. एका सकाळी मी पेज घेऊन गेले तर ती जमिनीवर बसली होती, पाण्याची वाटी मांडीत, आणि दोरोदादा खिडकीकडं बघत रडत होता.

"शालन," ती मला म्हणाली, "नेऊ दे त्याला. भेटू दे एकदाचा तिला. म्हणजे तरी गप्प पडेल. मी दमले."

तिनं जायचं ठरवलं ते देशासाठी नाही, पक्ष्यासाठी नाही, आणि मोठं मन करूनही नाही. ती खरोखरच दमली होती. मी सोबत गेले, कारण खुर्ची उचलायला दुसरं कुणी नव्हतं. भाऊजींना म्हटलं, आज खिचडी लावा, तुम्हालाही येते. ते पुटपुटले, पण लावली.

केंद्र झाडीत होतं. हवा ओली, पाचोळा कुजल्याचा वास. पिंजरा कसला, मोठमोठ्या झाडांवर जाळी टाकून केलेलं एक रानच होतं. पुढच्या बाजूला जाडजूड लाकडी खांब, त्यांत एक दार. आम्ही दोरोदादाची खुर्ची दाराशी लावली. सेलाक्कानं शिवलेलं जाकीट त्याच्या अंगावर घातलं आणि बटणं लावली. डॉक्टरीणबाई मागं झाडाआड थांबल्या. सेलाक्का बाजूच्या बाकावर जाऊन बसली, पाठ करून.

ताला वर फांदीवर होती. आम्हाला बघून तिनं डोक्यावरची पिसं फिंजारली. तिची ती नजर माझ्यावर आली आणि मी नकळत खुर्चीच्या मागं सरकले. खोटं कशाला सांगू, मला तिची भीती वाटली. आणि तिच्या पायांखालच्या त्या ओसाड घरट्याची कीवही आली. मचाणासारख्या फळीवर वाळलेल्या डहाळ्या पडल्या होत्या. बऱ्याच दिवसांत कुणी ताजी आणलेली दिसत नव्हती.

बाईंनी दिलेली पालेदार डहाळी मी दोरोदादाच्या डाव्या हातात दिली. त्यानं ती मांडीवर ठेवली, ओठांचा चंबू केला. फू, फू, फूऽऽ.

तालानं मान तिरकी केली. पण खाली आली नाही. पिसं तशीच उभी.

त्यानं पुन्हा फुंकलं. पुन्हा. त्याच्या कपाळाची शीर तटतटली. मग त्यानं हात लांब करून बोटांनी दाराचा लाकडी खांब वाजवला. ठक ठक.

सेलाक्कानं वळून बघितलं.

"परत," ती म्हणाली. तिचा आवाज मला ओळखू आला नाही. "दोरो, परत कर."

फू, फू, फूऽऽ. ठक ठक.

ती बाकावरून उठली आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. मग माझा दंड धरून, पण त्याच्याकडंच बघत बोलायला लागली.

"आमचं घर समुद्रात होतं. खांबांवर. खाली पाणी, वर आम्ही. हा होडी घेऊन खाली यायचा. बाबांना कळू नये म्हणून हाक नाही मारायचा. शीळ घालायचा. आणि मी जागी आहे का बघायला वल्ह्यानं खांब वाजवायचा. दोनदा. मग मी टोपली खाली सोडायची, तो तीत मासा टाकायचा. लग्न झाल्यावरही किती वर्षं फाटकाशी येऊन तशीच शीळ घालायचा. मग बंद झाली. मला वाटलं, वय झालं."

तिला धाप लागली होती.

"बंद नाही केलीस तू," ती त्याला म्हणाली. "इथं आणलीस. माझी हाक आणून हिला दिलीस."

दोरोदादानं डावा हात पुढं केला आणि तिच्या झग्याचं टोक मुठीत धरलं. फू, फू, त्यानं केलं. या वेळी तालाकडं नाही. तिच्याकडं बघून.

"आणि घरी?" सेलाक्का विचारत होती. "घरी कॉट वाजवत होतास ते?"

त्यानं मूठ सोडली नाही. सेलाक्कानं दोन्ही हातांनी आपलं तोंड झाकलं. "मी पाणी पाजत बसले," ती म्हणाली. "आठवडाभर मी त्याला पाणी पाजत बसले गं, शालन." आणि ती रडली. मीही रडले. लपवायचं काय त्यात.

सावरली तशी तिनं डोळे पुसले, खाली पडलेली डहाळी उचलली आणि ओठ ओले केले. तिचा पुढचा एक दात पडलेला होता. पहिल्यांदा नुसती हवा आली. दुसऱ्यांदा आली ती शीळ. दोन छोट्या, एक लांब, शेवटाला जरा खाली उतरलेली. मग तिनं खांब वाजवला.

तालाची पिसं बसली. ती एका फांदीवरून दुसरीवर, तिथून मचाणावर आली. आणि ते थोराड पाखरू मान खाली घालून, पंख सैल सोडून, बारीक आवाजात किणकिणलं. कोंबडीचं पिल्लूसुद्धा याहून मोठ्यानं ओरडेल. सेलाक्कानं दारातूनच डहाळी पुढं केली. तालानं ती चोचीत घेतली, घरट्यात नेऊन ठेवली, थोडी सरकवली, आणि पुन्हा येऊन सेलाक्कासमोर मान खाली घातली.

झाडाआडून बाई हळूच म्हणाल्या, "नांग सेला, उद्या याल?"

सेलाक्कानं नाक पुसलं. "बावीस वर्षं हिची सवत होते," ती मला म्हणाली. "आता म्हातारपणी हिचा नवरा व्हायचं."

पण ती गेली. त्या हंगामात रोज गेली. सकाळी जीप यायची, सेलाक्का ते शिवलेलं जाकीट घालून बसायची, दुपारी परत यायची. ती येईपर्यंत दोरोदादाजवळ मी बसायचे. आल्यावर ती त्याला सगळं सांगायची. आज दोन डहाळ्या घेतल्या, आज नखरे केले, आज माझ्यावर रुसली. तो ऐकायचा. सिरिंजचं काम दुसऱ्या माणसानं केलं, सेलाक्का समोर उभी राहून बोलत असताना. ती म्हणायची, असल्या कामात मी लक्ष घालत नाही.

अंडं झालं. पेपरात मोठी बातमी आली, फोटोसकट. तालाचा फोटो, कुणा पाहुण्या साहेबाचा फोटो. सेलाक्काचं नावही नव्हतं. भाऊजींनी तो पेपर खानावळीच्या भिंतीला चिकटवला आणि पोरांना सांगत सुटले, "ह्ये आपल्या घरमालकिनीनं केलंय बरं का." पोरं जेवताना बघायची आणि वरण मागायची.

अंडं रिकामं निघालं. दिवस भरून गेले तरी आत काही धरलं नाही. बाईंनी येऊन सांगितलं तेव्हा त्यांचेच डोळे भरलेले. सेलाक्का म्हणाली, "माझंही पहिलं असंच गेलं होतं." दुसऱ्या दिवशी ती एकदा शेवटची जाऊन तालापाशी बसून आली. काय बोलली ते तिनं सांगितलं नाही. हंगाम संपला होता. जीप यायची बंद झाली.

मीही परतीचं मनावर घेतलं. भाऊजींनी दुसरी बाई बघितली. फोनवर यांना सांगितलं, येतेय. ते म्हणाले, "कितीच्या गाडीनं? मी स्टँडवर येतो." मी न विचारता एवढं वाक्य ते पहिल्यांदाच बोलले असतील. त्यांनी ठेवू का म्हटलं नाही, आणि मीही ठेवा म्हटलं नाही.

निघायच्या आधीची एक संध्याकाळ. मी खाली पोरांसाठी खोबऱ्याचं वाटण करत होते. वरून काहीतरी ऐकू आलंसं वाटलं, म्हणून मिक्सर बंद केला.

वर सेलाक्का शीळ घालत होती. दोन छोट्या, एक लांब. आता तिला जायचं कुठंच नव्हतं, तालाचं अंडं केव्हाच रिकामं निघालं होतं, जाकीट धुऊन दोरीवर वाळत होतं.

शीळ थांबली. मी वाटीभर पाणी हातात घेऊन तशीच उभी राहिले. मग वरून कॉटची दांडी वाजली. टण टण.

पाणी न्यायला कुणी उठलं नाही.